स्वतंत्र गाण्यांच्या व्हिडिओंना ग्रेस मार्क नकोत

डिसेंबर लागला की ‘वर्षातले आवडते म्युझिक व्हिडिओ’ अशा याद्या यायला लागतात. स्वतंत्र कलाकारांची, म्हणजे ज्यांच्या पाठीशी ना चित्रपट आहे ना मोठी कंपनी, त्यांची वेगळी यादी तर आता ठरलेलीच असते. ती आली की भांडणही ठरलेलं. एक बाजू विचारते, पन्नास लाख व्ह्यूजचा व्हिडिओ बाहेर आणि चार हजारवाला आत, हा कुठला न्याय? दुसरी बाजू म्हणते, या पोरांनी पदरमोड करून, उसना कॅमेरा आणून काम केलंय, त्यांना मोठ्यांच्या मापाने मोजू नका. एका बाजूला आकडा म्हणजेच निकाल वाटतो आणि दुसरीला परिस्थिती. खुद्द व्हिडिओत काय आहे, कुठला शॉट का आहे, याबद्दल दोन्हीकडून चकार शब्द निघत नाही. माझं म्हणणं असं की स्वतंत्र कलाकाराला व्ह्यूजचे गुण देऊ नयेत आणि गरिबीचेही देऊ नयेत. नुसत्या ऐकण्यात नव्हतं असं काही चित्राने गाण्याला दिलं का, एवढ्यावरच व्हिडिओ यादीत यावा किंवा बाहेर राहावा. ही कसोटी कडक वाटेल, पण या मंडळींचा मान राखणारी कसोटी हीच आहे.

व्ह्यूजवाल्यांचा मुद्दा उडवून लावण्यासारखा नाही. याद्या करणारं वर्तुळ लहान असतं. मुंबई-पुण्यातले, एकमेकांना ओळखणारे, साधारण एकाच धाटणीचं संगीत ऐकणारे लोक त्या ठरवतात. जळगावात किंवा नांदेडात बनलेलं, मिरवणुकीत वाजणारं, लाखोंनी पाहिलेलं गाणं त्यांच्या कानावरही पडलेलं नसतं. अशा वेळी आकडा निदान एवढं तरी सांगतो की इथे काहीतरी घडतंय, बघा. लोकांनी उचलून धरलेल्या गाण्याकडे बघून नाक मुरडायची खोड आपल्याकडे जुनी आहे. लोकगीतांच्या कॅसेटी गावोगाव खपत होत्या तेव्हाही त्यांच्यावर गंभीरपणे लिहायला फारसं कोणी बसलं नाही. तेव्हा शोध घेताना आकडा वापरावा, यादी करणाऱ्याने तो वापरलाच पाहिजे. पण निवड करताना त्याचा उपयोग काय?

आकडा नेमका कशाचा असतो, ते आधी पाहू. यूट्यूबवर गाण्याआधी येणारी, ‘स्किप’ करता येणारी जाहिरात कोणी ३० सेकंद पाहिली, किंवा ती त्याहून छोटी असेल तर पूर्ण पाहिली, किंवा तिच्यावर क्लिक केलं, की एक व्ह्यू धरला जातो. अख्खा म्युझिक व्हिडिओच जाहिरात म्हणून लावता येतो आणि पैसे टाकून आकडा वाढवता येतो. त्यात बेकायदा काही नाही. जुलै २०१९ मध्ये एका हिंदी रॅप गाण्यासाठी २४ तासांत साडेसात कोटी व्ह्यूजचा दावा झाला. विक्रम झाला की यूट्यूब एरवी तो जाहीर करतं, या वेळी केला नाही, आणि सप्टेंबरमध्ये नियमच बदलला: संगीताच्या चार्टमध्ये आणि पहिल्या २४ तासांच्या विक्रमात जाहिरातीतून आलेले व्ह्यूज यापुढे धरायचे नाहीत. यूट्यूबवरच्या छोट्या उभ्या व्हिडिओंचं, म्हणजे शॉर्ट्सचं, तर ३१ मार्च २०२५ पासून असं आहे की व्हिडिओ सुरू झाला किंवा पुन्हा फिरला की व्ह्यू. किती वेळ पाहिला याची किमान अट नाही. एका व्हिडिओचा आकडा जाहिरातीचा, दुसऱ्याचा अंगठ्याने वर सरकवताना पडलेला, तिसऱ्याचा खरोखर चार मिनिटं बसून पाहिलेल्यांचा. हे तिन्ही एका रकान्यात मांडून ‘लोकांचा कौल’ म्हणायचं?

उलट्या बाजूचंही उदाहरण आहे. ओके गो हा अमेरिकन बँड २००६ मध्ये आठ ट्रेडमिलवरच्या नाचाच्या व्हिडिओने जगभर पोचला. एक स्थिर कॅमेरा, एक अखंड शॉट, दिग्दर्शन गायकाच्या बहिणीचं, ट्रिश सी यांचं. पुढच्या वर्षी त्याला ग्रॅमी मिळालं. लोकांनी तो आपापल्या ब्लॉगवर आणि पानांवर लावला म्हणून तो पसरला होता. नंतर बँडच्या रेकॉर्ड कंपनीने बाहेरच्या पानांवर व्हिडिओ लावायची सोय बंद केली, तेव्हा त्याचे रोजचे व्ह्यूज सुमारे ९० टक्क्यांनी घसरले, असं गायक डेमियन कुलाश यांनी २०१० मध्ये न्यूयॉर्क टाइम्समध्ये लिहिलं. व्हिडिओची एक फ्रेमही बदलली नव्हती. मग त्या ९० टक्के घसरणीने व्हिडिओबद्दल काय सांगितलं? काहीही नाही. वितरणाचं एक बटण कोणाच्या हातात आहे, तेवढं सांगितलं.

‘स्वतंत्र’ कोणाला म्हणायचं, हा वाद मात्र लोक उगाच लांबवतात. क्रेटेक्स आणि श्रेयस यांचं २०२४ चं ‘तांबडी चामडी’ स्पिनिन रेकॉर्ड्सकडून आलं, आणि स्पिनिन २०१७ पासून वॉर्नर या बड्या संगीत कंपनीच्या मालकीची आहे. मग ते स्वतंत्र का? ओके गोचा ट्रेडमिलचा व्हिडिओ घरगुती पद्धतीने बनला, पण तेव्हा बँड मोठ्या कंपनीच्या करारात होता. तो बाहेर पडला २०१० मध्ये. हा गुंता सोडवायचा तर कलाकाराला बिल्ला लावू नये, प्रत्येक व्हिडिओबद्दल दोन प्रश्न विचारावेत. शेवटचा कट कोणी मंजूर केला? आणि मास्टर, म्हणजे गाण्याचं मूळ रेकॉर्डिंग, कोणाच्या नावावर आहे? पहिल्याचं उत्तर ‘आम्हीच’ असेल तर माझ्या लेखी व्हिडिओ स्वतंत्र. दुसरं उत्तर यादीत छापावं, वाचक काय ते ठरवेल.

आता खरं घोडं जिथे पेंड खातं, तिकडे वळू. स्वतंत्र कलाकारांच्या बाजूने बोलणारे म्हणतात, पैसा नाही म्हणून व्हिडिओ असा दिसतो, तेव्हा दिसण्यावर बोलू नका. यातलं अर्धं खरं आहे. पैसा नसला की एकच दिवस मिळतो, एकच जागा मिळते, पन्नास माणसांची गर्दी उभी करता येत नाही, रात्रीच्या दृश्यात दाणे येतात. रेल्वेच्या हद्दीत शूट करायचं तर परवानगी आणि शुल्क, आणि ड्रोन उडवायचा तर मुंबईत पोलिसांचे बंदी आदेश वारंवार निघत असतात. या अडचणींचे दोष कोणाच्या माथी मारू नयेत. पण दुसऱ्या जातीचे दोष असतात, ते लक्ष न दिल्याने येतात, आणि ते झाकण्यासाठी पैशाचं कारण पुढे करणं ही लंगडी सबब आहे.

रात्रीच्या टपरीवरचं दृश्य घ्या. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे चोकवाली ट्यूब आणि बरेच स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा उजळतात-मंदावतात. कॅमेऱ्याचं शटर, म्हणजे एका फ्रेमसाठी उजेड आत घ्यायचा वेळ, १/५० किंवा १/१०० सेकंदावर ठेवलं की प्रत्येक फ्रेममध्ये पूर्ण आवर्तनं येतात आणि उजेड स्थिर दिसतो. ‘सिनेमाचा लुक’ हवा म्हणून सेकंदाला २४ फ्रेमच्या शूटला १/४८ लावलं, किंवा मोबाइल ऑटोवर सोडला, की उजेड थरथरतो नाहीतर पट्टे सरकायला लागतात. छोट्या स्क्रीनवर ते कळत नाही, एडिटला बसल्यावर कळतं, आणि तोवर टपरीवाल्याने दुकान बंद केलेलं असतं. यावरचा उपाय फुकट आहे. आदल्या रात्री त्याच दिव्याखाली दहा सेकंदांचा शॉट घ्यायचा आणि मोठ्या पडद्यावर बघायचा. एक्स्पोजर (उजेडाचं माप) आणि व्हाइट बॅलन्स (रंगांचं माप) लॉक करणंही असंच. ते केलं नाही की मागून पांढरा शर्ट गेला तरी गायकाचा चेहरा काळवंडतो.

ओठांचं तर विचारू नका. स्लो मोशनमध्ये माणूस गाताना दिसावा असं वाटत असेल तर गाणं वेगाने वाजवून शूट करावं लागतं. एडिटची टाइमलाइन सेकंदाला २५ फ्रेमची आणि शूट ५० वर, तर गाणं दुप्पट वेगाने. हलकासा संथपणा हवा असेल तर ३० वर शूट आणि गाणं १.२ पट. गायकाला त्या वेगाचा सराव आठवडाभर आधी द्यावा लागतो, नाहीतर शब्द गिळले जातात आणि पडद्यावर ओठ अर्धवट हलतात. दुसरी गडबड मोबाइलची. बरेच फोन फ्रेमचा वेग स्वतःच कमी-जास्त करतात. पहिल्या कडव्यात ओठ जुळलेले असतात आणि शेवटच्या कडव्यापर्यंत सुटतात. एडिटला घेण्याआधी सगळ्या क्लिप एका ठरावीक फ्रेम रेटवर बदलून घेतल्या तर ही कटकट उरत नाही. त्याला रात्रभर कॉम्प्युटर चालू ठेवावा लागतो, एवढंच.

आणि ताल. गाणं १२५ बीपीएमचं, म्हणजे मिनिटाला १२५ ठोक्यांचं, असेल तर २५ फ्रेमच्या टाइमलाइनवर एक ठोका बरोबर १२ फ्रेमचा. तेच १२० असेल तर साडेबारा, आणि अर्धी फ्रेम कापता येत नाही. दर ठोक्यावर कट मारणाऱ्याचा प्रत्येक दुसरा कट अर्धी फ्रेम इकडे-तिकडे पडतो. बघणाऱ्याला कारण सांगता येत नाही, पण काहीतरी ढिलं आहे हे जाणवतं. यातून सुटायचे मार्ग दोन: टाइमलाइन २४ ची घ्या, तिथे १२० चा ठोका १२ फ्रेमचा होतो, किंवा कट दोन ठोक्यांनी मारा, मग २५ फ्रेमचा सरळ एक सेकंद. तिसरा मार्ग मला सगळ्यात आवडतो, तो म्हणजे कट तालावर मारायचाच नाही, शब्दाच्या श्वासावर मारायचा. रॅपच्या व्हिडिओंमध्ये हे फार सुंदर दिसतं आणि फार कमी जण करतात. या सगळ्यात रुपयाचा प्रश्न कुठे आला?

पैसा नसताना कल्पना कशी उभी राहते, याचं उदाहरण आपल्याच इतिहासात आहे. दादासाहेब फाळक्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’च्या आधी, १९१२ मध्ये, कुंडीतल्या वाटाण्याच्या रोपाची वाढ फ्रेम-फ्रेम करून टिपली. नट नाहीत, सेट नाही, फक्त एक रोप आणि महिनाभराचा धीर. ‘अंकुराची वाढ’ ही ती छोटी फिल्म पाहून भांडवल देणाऱ्यांना या माणसाच्या हातात काय आहे ते कळलं. पुढे मे १९१३ मध्ये गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये ‘हरिश्चंद्र’ लागला. रोपाची ती फिल्म ‘गरिबाने केलेलं बरं काम’ नव्हती. डोळ्याला एरवी दिसूच शकत नाही ते तिने दाखवलं. तंत्राचा उपयोग आणि विषय तिथे एकच झाले होते. १९६५ मध्ये लंडनच्या सॅव्हॉय हॉटेलमागच्या बोळात बॉब डिलन हातातले शब्द लिहिलेले पुठ्ठे एकेक करून टाकत उभा राहिला, कॅमेरा माहितीपटकार पेनबेकर यांचा, तेव्हा खर्च पुठ्ठ्यांचा आणि शाईचाच होता. डिलन मोठ्या कंपनीचा कलाकार होता, हे कबूल. पण त्या शॉटला कंपनी लागली नाही.

जवळची उदाहरणं घ्या. कुर्ल्याच्या नेझी या रॅपरने ‘आफत’ हे गाणं २०१४ मध्ये आयपॅडवर रेकॉर्ड केलं आणि आयपॅडवरच शूट केलं. तो व्हिडिओ महत्त्वाचा ठरला तो आयपॅडमुळे, असं सांगणारे त्याचा अर्धा मान काढून घेतात. तिथे कॅमेरा वस्तीच्या आत होता, तिथल्याच पोराच्या हातात होता. बाहेरून गल्ली बघायला आलेल्या माणसाचा तो डोळा नव्हता. महागडा कॅमेरा आणि पंधरा माणसांचं युनिट त्या गल्लीत गेलं असतं तर गल्ली ‘लोकेशन’ झाली असती. २०१९ मध्ये स्वदेसी या मुंबईच्या रॅप गटाने ‘द वारली रिव्होल्ट’ केलं, आरेच्या जंगलात राहणारे प्रकाश भोईर त्यात स्वतः गातात. जंगलाच्या प्रश्नावरचं गाणं जंगलात राहणाऱ्याशिवाय करायचं नाही, हाच निर्णय त्या कामाचा कणा आहे. आणि २०२० च्या टाळेबंदीत गायक प्रतीक कुहाडच्या ‘कसूर’साठी दिग्दर्शिका दर गाई यांनी घरोघरी अडकलेल्या माणसांना प्रेमाच्या आठवणी जागवायला लावल्या आणि त्यांचे चेहरे टिपले. बाहेर जाता येत नव्हतं, ही अडचण तिथे झाकलेली नाही. चेहऱ्याशिवाय दाखवायला काही नाही, म्हणून चेहऱ्यावरून नजर हलत नाही, आणि गाणं आहेच मुळी कोणाच्या तरी प्रेमात हरवलेल्याचं. या तिन्ही व्हिडिओंना कोणती सवलत द्यायची? कशासाठी?

कमी पैशातल्या कामाला वेगळा गट द्यावा, या म्हणण्याच्या बाजूने सगळ्यात भक्कम युक्तिवाद आपल्या नाटकवाल्यांकडे आहे. राज्य नाट्य स्पर्धा १९५४ पासून चालू आहे, तिच्यात हौशी रंगभूमीला आपली जागा मिळाली, आणि जिल्ह्याजिल्ह्यांतून लेखक-नट पुढे आले. त्यांना थेट व्यावसायिक नाटकांशी झुंजवलं असतं तर त्यातले कित्येक दिसलेच नसते. अमेरिकेतही इंडिपेंडंट स्पिरिट अवॉर्ड्समध्ये जॉन कॅसावेटिस यांच्या नावाचा पुरस्कार आहे, तो ठरावीक बजेटच्या आतल्या चित्रपटांनाच मिळतो. मर्यादा आधी पाच लाख डॉलर होती. हे मला मान्य आहे. स्पर्धा आणि पुरस्कारात, जिथे पुढच्या कामासाठी पैसा किंवा संधी मिळते, तिथे बजेटनुसार गट असावेत. उलट आपल्याकडे ते फारच कमी आहेत.

पण गट वेगळा करणं आणि माप सैल करणं, यात आपण गल्लत करतो. कॅसावेटिस पुरस्कारात बजेटची मर्यादा प्रवेशाला आहे, निवडीला नाही. आत आल्यावर ‘बिचाऱ्यांकडे पैसे नव्हते’ म्हणून कोणाला वर ढकलत नाहीत. आणि नाटकाचंच बोलायचं तर १९७४ पासून आविष्कार या नाट्यसंस्थेने दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात प्रयोग सुरू केले तेव्हा रंगमंच नावाची चीजही तिथे नीट नव्हती. त्या प्रयोगांवर लोक कडाडून बोलले, भांडले, आणि म्हणूनच ती चळवळ झाली. ‘शाळेच्या हॉलमध्ये एवढं केलं हेच खूप’ असं बोलून विषय संपवला असता तर आज छबिलदासचं नाव कोणी घेतलं असतं का? साहित्यातही तेच. पन्नाशीच्या दशकात ‘शब्द’ हा कवितेचा अंक सायक्लोस्टाइल करून निघत होता, त्यात अरुण कोलटकर आणि दिलीप चित्रे होते. त्यांच्या कवितेला कोणी फिकट शाईचे गुण दिले नाहीत, आणि फिकट शाईमुळे कापलेही नाहीत.

ग्रेस मार्कांचं नुकसान होतं ते नेमकं चांगलं काम करणाऱ्याचं. ‘कमी पैशात बरं जमवलंय’ हे वाक्य ओठ सुटलेल्या व्हिडिओलाही लावलं जातं आणि ज्याने सहा आठवडे खपून स्टॉप मोशन, म्हणजे एकेक फोटो जोडून हलतं चित्र, केलं त्यालाही. सेकंदाला १२ फोटो धरले तरी तीन मिनिटांच्या गाण्याला २१६० फोटो लागतात. एका फोटोला एक मिनिट लागलं तर ३६ तास नुसते क्लिक करण्यात जातात, मांडणी वेगळी. एवढं केल्यावर त्याला आणि बाकीच्यांना एकच शाबासकी मिळणार असेल तर पुढच्या वेळी तो कशाला खपेल? एआयकडून बनवून घेतलेल्या दृश्यांचा प्रश्नही इथेच सुटतो. ती स्वस्त आहेत म्हणून माफ करायची गरज नाही आणि एआय आहे म्हणून आंधळेपणाने फेकायचीही नाही. पात्राचा चेहरा शॉटगणिक बदलतो आणि ते लपवायला दर सेकंदाला कट मारले आहेत, एवढं दिसलं तरी निकाल लागतो.

मग यादी करायची कशी? प्रत्येक व्हिडिओ दोनदा बघावा, एकदा आवाज बंद करून आणि एकदा नेहमीसारखा. आवाजाशिवाय वीस सेकंदांत कंटाळा आला आणि आवाजासकट बघताना चित्राने काहीच भर घातली नाही, तर गाणं कितीही आवडतं असलं तरी ते गाण्यांच्या यादीत जाऊ द्या. काळ १ डिसेंबर ते ३० नोव्हेंबर असा धरावा, म्हणजे याद्या लिहून झाल्यावर डिसेंबरात आलेले व्हिडिओ दोन्ही वर्षांतून निसटणार नाहीत. निवडणाऱ्याने ज्या व्हिडिओवर काम केलंय किंवा ज्याच्या प्रसिद्धीचे पैसे घेतलेत तो बाजूला काढावा आणि तसं लिहावं. प्रत्येक नोंदीखाली चार गोष्टी असाव्यात: शूटचे दिवस, युनिटमधली माणसं, कॅमेरा, आणि प्रचारावर पैसे खर्च केले का. ही माहिती गुण देण्यासाठी नको, शिकण्यासाठी हवी. दोन दिवसांत पाच माणसांनी अमुक केलं हे कळलं की साताऱ्यात बसलेल्या बँडला आपला हिशेब मांडता येतो.

आणि नावं पूर्ण छापा. आजच्या याद्यांमध्ये गायकाचं नाव असतं, फार तर दिग्दर्शकाचं. कॅमेरा कोणी केला, एडिट कोणी केलं, रंगसंगती कोणी जुळवली, हे व्हिडिओखालच्या मजकुरात ‘आणखी दाखवा’ दाबल्यावर कुठेतरी सापडतं, कधी तिथेही नाही. स्वतंत्र कामात ही माणसं बहुतेक वेळा मैत्रीखातर, अर्ध्या पैशात किंवा फुकट राबलेली असतात. त्यांना पुढचं काम मिळतं ते अशाच एखाद्या यादीत नाव वाचून कोणीतरी फोन केला तर.